तीन प्रतींत तळं

त्या राज्यात कचेरीच्या वहीत जे लिहिलेलं असे, तेवढंच जपलं जाई. बाकीचं कोणीही तुडवावं, खणावं, संपवून टाकावं. त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. वहीत नाव चढवायचं तर अर्ज करावा लागे, आणि अर्ज कोणीही करू शकतो असं कचेरीच्या दारावर ठसठशीत लिहिलेलं होतं. ते एक वाक्य वाचून किती जणांनी हेलपाटे घालून आयुष्यं फुकट घालवली, त्याची नोंद मात्र कुठल्याच वहीत नाही.

माळावर एक तळं होतं. चार म्हशी जेमतेम बसतील एवढंसं, पण उन्हाळ्यात सबंध माळावर पाणी काय ते तेवढंच. त्यात लाल शेपटीचे बोटभर मासे होते. ते राज्यात दुसरीकडे कुठेच नव्हते. आणि तळ्यापासून कोसभर अंतरावर दगडगोट्यांत एका पखुर्ड्याचं बिऱ्हाड होतं. पखुर्डा म्हणजे कबुतराएवढा मातकट पक्षी, समोर बसला तरी दिसणार नाही असा. त्यांच्यात एक रीत असते. पिल्लांना उडता येईपर्यंत बाप रोज सकाळी तळ्यात पोट बुडवून बसतो, पोटाची पिसं चिंब भिजवतो आणि तसाच घरी उडत येतो. पिल्लं पोटाखाली शिरून ती पिसं चोखतात. आईच्या पिसांत एवढं पाणी धरत नाही, म्हणून हे काम बापाचंच. या पखुर्ड्याला तीन पिल्लं होती आणि त्यांना उडायला अजून दीड महिना होता.

त्या वर्षी रानडुकरांचा कळप माळावर आला. तळ्याच्या बुडाशी कंद आहेत असं त्यांना कळलं आणि तळंच खणून काढायचं ठरलं. पखुर्डा घाबरत घाबरत त्यांच्या म्होरक्याकडे गेला. म्होरक्या वाईट नव्हता, हे सांगायला हवं.

"हे बघ बाबा, आम्ही काही दांडगाई करणारे नव्हे," तो म्हणाला. "कचेरीचा कागद दाखव. कागद असेल तर आमच्यातला एक खूर त्या पाण्यात पडणार नाही. महिनाभर थांबतो. मग मात्र खणणार."

कागद एवढाच हवा होता. पखुर्ड्याला वाटलं, सुटलो.

कचेरी एका कोरड्या गुहेत होती. तिथे साळिंदरराव अव्वल कारकून होते. लिहायची वेळ आली की ते पाठीवरचा एक काटा उपसत आणि दौतीत बुडवत. ते कधी कोणावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

"या, बसा," ते म्हणाले. "तळ्याला संरक्षण हवंय? फार चांगला विचार. तुमच्यासारख्यांनी पुढं यायलाच हवं. लांबी, रुंदी आणि खोली लिहून आणा."

पखुर्ड्याने दोन दिवस खपून सगळं तळं चोचीने मोजलं. खोली भरली चाळीस चोची. साळिंदररावांनी आकडा टिपून घेतला आणि मान डोलावली.

"आता नमुना. सात मेजं आहेत, प्रत्येक मेजाला तीन प्रती. प्रत्येक प्रतीत माशांची एक जोडी."

दुसऱ्या दिवशी कचेरीचे शिपाई, म्हणजे वानरं, वाळलेले भोपळे घेऊन तळ्यावर आली आणि एकवीस भोपळे भरून घेऊन गेली. त्यानंतर पाहणी समिती आली. समितीत दोन रेडे होते. पाणी खरोखर पाणी आहे का, हे त्यांनी पोटभर तपासलं, मग दुपारभर त्यात बसून विचारविनिमय केला. उठताना खोली मोजली. एकतीस चोची.

"माहिती जुळत नाही हो," साळिंदरराव हळहळले. "अर्जात चाळीस, पाहणीत एकतीस. असं चालत नाही."

"अहो, पाणी तुम्हीच नेलंत की!"

"नेलं ना. नाही कोण म्हणतंय? पण अर्जात तसं कुठं लिहिलंय? नव्यानं करा. आणि नमुनाही नवा लागेल. जुना नमुना चाळीस चोचींच्या तळ्याचा आहे, तुमचं तळं आता एकतीसचं."

पखुर्ड्याने दुसरा अर्ज केला. पुन्हा एकवीस भोपळे, पुन्हा ते दोन रेडे. अर्जात एकतीस, पाहणीत बावीस. तिसऱ्या अर्जाला बावीस आणि तेरा. एकदा धीर करून त्याने विचारलं, की गुहेत हे जुने भोपळे रांगेने नुसते पडून आहेत, ते परत तळ्यात ओतले तर आकडा नाही का जुळणार? साळिंदररावांच्या हातातला काटा थांबला. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर दुःख दिसलं.

"पुरावा परत ओतायचा? मग फाइलीत काय राहील?"

तेवढ्यात दौतीतली शाई घट्ट झाली होती. त्यांनी जवळच्या भोपळ्यातले चार थेंब दौतीत टाकले, शाई ढवळली आणि चौथ्या अर्जाचा कागद पुढे केला.

कचेरी सकाळी उघडे आणि ऊन चढायच्या आत बंद होई. पाणी आणायची वेळही तीच. रोज निघताना पखुर्डी विचारायची, "अहो, आज कचेरी की पाणी?" आणि त्याला उत्तर देताना लाज वाटायची. एक दिवसाआड तो कोरडा परत येऊ लागला. पिल्लं धावत यायची, पोटाखाली शिरायची आणि लगेच बाहेर यायची. सगळ्यांत धाकटं तर धावायचंही बंद झालं.

"राहू द्या तो कागद," पखुर्डी एकदा चिडून म्हणाली. "आहे तोवर पाणी तरी आणा."

"आणि महिना संपल्यावर?" तो म्हणाला. त्याचंही खरं होतं, तिचंही खरं होतं. चूक होती ती दोघांच्याही आवाक्याबाहेर, त्या कोरड्या गुहेत, काटा घासत बसलेली.

रानडुकरं शब्दाला जागली. त्यांनी तळ्यात खूर घातला नाही. म्होरक्या तर येता-जाता विचारायचा, "काय रे, झालं का तुझं?" भोपळे वाहून नेणाऱ्या वानरांना ती सगळी अदबीने वाट करून देत.

अर्जामागून अर्ज गेले. महिन्याच्या शेवटच्या दिवशी पखुर्डा तळ्यावर गेला तेव्हा तिथे भेगाळलेला चिखल होता. मधे एका खळग्यात ओल होती, तीत पोट घासून पाहिलं तर पिसांना नुसती माती लागली. तो तसाच कचेरीकडे उडाला. आज त्याला कागद नको होता, पाणी हवं होतं.

साळिंदरराव दारातच उभे होते. इतके खूश तो त्यांना प्रथमच पाहत होता.

"अभिनंदन! अहो, जुळलं! शेवटच्या अर्जात खोली शून्य, आज सकाळच्या पाहणीतही शून्य. इतका नेटका अर्ज मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. तुमचं तळं वहीत चढलं."

त्यांनी कागद मेजावर पसरला आणि भोपळ्यातल्या पाण्याने शाई सढळ पातळ करून वर मोठा तांबडा शिक्का उठवला.

पखुर्डा कागदाकडे पाहतच नव्हता. गुहेच्या भिंतीला लागून छतापर्यंत भोपळे रचलेले होते. एकाचं तोंड उघडं होतं आणि आत लाल शेपटी हलत होती.

"साळिंदरराव, पाया पडतो. त्या एका भोपळ्यात मला फक्त पोट भिजवू द्या. घरी पिल्लं आहेत."

"अहो, कालपर्यंत मागितलं असतंत तर काहीतरी केलं असतं," साळिंदरराव कळवळून म्हणाले. "आता ते राखीव झालं. तुमच्याच अर्जावरून."

वाटेत रानडुकरं तळ्याच्या काठाशी उभी होती. पखुर्ड्याच्या चोचीतला कागद पाहताच म्होरक्याने मान लववली, कळपाला मागे सरकायला लावलं आणि सगळी डुकरं सुक्या खड्ड्याला लांबून वळसा घालून निघून गेली.

घरी पोचल्यावर त्याने कागद दगडावर ठेवला आणि सवयीने पिसं फुलवून ताठ उभा राहिला. दोन पिल्लं पोटाखाली शिरली, चोची घातल्या, बाहेर आली आणि आईकडे गेली. धाकटं सरपटत उशिरा पोचलं. त्याने बापाच्या पोटाला चोच लावली, सोडली आणि मग ते कागदाकडे वळलं. शिक्का जाड उठला होता, अजून वाळला नव्हता. पिल्लाने त्यावर चोच टेकवली आणि ते चोखू लागलं.