लाल्याचा दसरा

यंत्रं आणि जनावरं बोलायची त्या काळची गोष्ट. इंदुताईंच्या बागेत गवत कापणारा छोटा ट्रॅक्टर होता, लाल्या. दर दसऱ्याला ताई त्याला कुंकू लावून झेंडूचा हार घालायच्या, तेल मात्र वर्षभर बघायच्या नाहीत. लाल्या हारावरच खूश.

एका दसऱ्याला हार घातला आणि लाल्या खोकत बंदच पडला.

"भंगारात देते मेल्याला!" ताई कडाडल्या.

शेजारची शेळी कुंपणावरून म्हणाली, "अहो ताई, तोंडाला कुंकू लावलंत, पोटाखाली कधी वाकून पाहिलंत?"

ताई वाकल्या. पात्यांभोवती गवताचा लगदा, तेल तर पार आटलेलं! पदर खोचून त्यांनी सगळं साफ केलं, तेल ओतलं. लाल्या घरघरला.

"थांब, हार सरळ करते."

"हार शेळीला खाऊ द्या हो," लाल्या म्हणाला. "तुम्ही परत कधी वाकणार, तेवढं सांगा."