शंका आली तर उठवा

"मग त्या पोराने तुम्हाला उठवलं का नाही?" लतीफबाबांनी विचारलं.

"तेच तर मला कळत नाही, बाबा!"

कॅप्टन यशवंत मयेकर खाडीच्या घाटावर पाण्याकडे पाठ करून बसले होते. वरच्या पायरीवर बाबा. पिराच्या ठाण्याची झाडलोट करणारा, मिळेल ते खाणारा फकीर.

कॅप्टनची छत्तीस वर्षं दर्यावर गेली, त्यातली बावीस कॅप्टन म्हणून. उद्या चौकशीत त्यांची साक्ष होती. त्यांच्या जहाजाखाली मच्छीमारांची होडी आली, दोघे बुडाले. कॅप्टन झोपलेले. ड्यूटीवर थर्ड ऑफिसर प्रणय हर्णेकर, वय चोवीस. उद्या कॅप्टननी बोट दाखवलं की पोराचं लायसन्स गेलं, आयुष्यही गेल्यातच जमा. बाबांनी नुसतं 'तुमचं बरोबर आहे' म्हणावं, एवढ्यासाठी कॅप्टन आले होते.

"ऑर्डर बुकात रोज रात्री मी लिहायचो, शंका आली तर मला उठवा. खाली त्याची सही आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

त्यांनी उद्याच्या कागदांची फाइल फडकवली आणि मागे, खालच्या पायरीवर ठेवली.

"दहा मिनिटं त्याला होडीचा दिवा दिसत होता. फोन हाताशी. तरी गप्प!"

बाबा बोलायला गेले.

कॅप्टननी हात वर केला. "आधी पुरतं ऐका. मध्ये तोडलेलं मला चालत नाही."

बाबा थांबले.

"कॅप्टन झालो त्या पहिल्या वर्षी एकाने उठवलं होतं. चांदणीला जहाजाचा दिवा समजला, गाढव! सगळ्यांसमोर असा सोलून काढला त्याला... त्यानंतर एकवीस वर्षं कुणी उठवलं नाही. अशी शिस्त होती माझ्या जहाजावर."

बाबा पुढे वाकले. ओठ हलले.

पुन्हा हात वर. या खेपेस कॅप्टननी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मग स्वारी जी सुटली ती बंदरं, वादळं, मानपत्रं करत बराच वेळ थांबेना.

पाठीला गार लागलं तेव्हा ते वळले.

भरती चढली होती. फाइल पाण्यात पार लांब गेली होती आणि कागद एकेक करून सुटत होते.

कॅप्टन ताडकन उठले. आयुष्यभर भरतीओहोटीच्या वेळा तोंडपाठ असलेला माणूस!

"बाबा... तुम्हाला दिसत होतं?"

"पायरीला पाणी लागलं तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत? जरा जरी शंका आली..."

"शंका कसली? चांगलं दिसत होतं."

"मग?"



"माझी उमर ब्याऐंशी, कॅप्टनसाहेब. मौतीला मी भीत नाही. तुम्हाला भ्यालो."