चार वाव पाणी, वीस वाव दोर

फार जुनी गोष्ट आहे. तुमच्या पणजोबांच्या पणजोबांना दुधाचे दात यायचे होते, तेव्हाची. एका राजाचं राज्य जिथे संपतं आणि समुद्र सुरू होतो, तिथे खाडीच्या तोंडावर एक गाव होतं. राजाला ते गाव ठाऊक नव्हतं आणि गावाला राजा ठाऊक नव्हता, त्यामुळे दोघेही सुखात होते.

त्या गावात धाकू नावाचा म्हातारा तांडेल राहायचा. तांडेल म्हणजे नावेवरचा म्होरक्या. तो बोट दाखवेल तिकडे नाव जायची. पण आता त्याची नाव कुजून गेली होती, बायको वारली होती, आणि बोट दाखवायला उरलं होतं एक मांजर, तेही ऐकत नसे. नावेचा लोखंडी नांगर तेवढा दाराशी पडून होता. चार नख्यांचा, गंजलेला. धाकू सकाळी त्याच्यावर येऊन बसायचा तो उन्हं उतरल्यावर उठायचा.

नांगर हा शब्द मोठा लबाड. एका धन्याकडे राहील तर शपथ. समुद्रावर तो नावेला धरून ठेवतो. डोंगरापलीकडे गेलात की तोच बैलांच्या मागून चालतो आणि जमीन उलथून टाकतो. इकडे त्याचं काम काय, तर हलायचं नाही. तिकडे काम काय, तर थांबायचं नाही. गावातल्या बायकांचा तिसराच नांगर. चार दिवसांसाठी आलेला पाहुणा महिना झाला तरी हलला नाही, की त्या पदराआड म्हणायच्या, "नांगर टाकलाय हो." आणि कुणी म्हातारं माणूस गेलं, की त्याच बायका हळू आवाजात म्हणायच्या, "नांगर उचलला." एखाद्या शिकलेल्या माणसाने यावर जाडजूड पोथी लिहिली असती. गावात शिकलेला माणूस नव्हता, म्हणून शब्दाचं बरं चाललं होतं.

धाकूला मात्र एकच अर्थ माहीत होता. नांगर म्हणजे धरून ठेवायचं.

त्याला एकच लेक, केशर. ती डोंगरापलीकडच्या शेतकऱ्याच्या घरी दिलेली. लग्नात जावई भोळेपणाने म्हणाला होता, "मामा, आमच्याकडेही नांगर आहे. चांगला बाभळीचा."

"लाकडाचा?"

"हो."

"बुडतो का?"

"नाही, मामा."

"मग तो नांगर कसला?" एवढं बोलून धाकू जो जावयाकडे पाठ करून बसला, तो वरात जाईपर्यंत.

त्या गावची एक रीत होती. माहेरी आलेली लेक परत निघाली, की तिचं बोचकं बापाने आपल्या हाताने उचलून तिच्या डोक्यावर द्यायचं. बापाने बोचकं दिल्याशिवाय लेकीने गावची वेस ओलांडायची नाही. ही रीत ज्याने काढली तो भला माणूस असणार. निरोप देताना बापाचा हात लागावा, एवढंच त्याच्या मनात असेल. पण धाकूसारखा बाप पुढे जन्माला येईल, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक?

पहिल्या वर्षी केशर चार दिवसांसाठी आली. पाचव्या दिवशी धाकूला खोकला झाला. बोचकं उचलायला वाकला की ढास लागे. वीस दिवस लागत राहिली. दुसऱ्या वर्षी गुडघा धरला. शेजारची यसू म्हातारी कुंपणावरून म्हणाली, "धाकूदादा, काल खेकडे पकडायला गेला होतास, तेव्हा हा गुडघा घरी ठेवला होतास का?"

"तू तुझी चूल बघ," धाकू म्हणाला आणि आठवण आल्यासारखा लंगडला.

त्या वर्षी केशर महिनाभर अडकली. नवरा एकटाच शेतात. नांगरट झाली, पण ढेकळं फोडायला दुसरे हात नव्हते. अर्धं शेत पडीक राहिलं. मग दोन वर्षं केशर आलीच नाही.

ती दोन वर्षं धाकूने कशी काढली, ते मांजराला विचारा. भात दोघांचा टाकायचा आणि उरलेला मांजराला घालायचा. संध्याकाळी डोंगराच्या वाटेकडे तोंड करून बसायचा. लेक निरोपही पाठवत नाही, याचा राग यायचा. राग ऐकवायला कुणी नसायचं, म्हणून तो नांगराला ऐकवायचा. नांगर गुणी, मध्ये बोलत नसे.

बरं, गावात माणसं नव्हती असं नाही. पण पान खाण्यापुरतं कुणी टेकलं, की धाकू त्याचा हात जो धरायचा, तो दुपारपर्यंत सोडायचा नाही. "बस रे, काय घाई आहे," असं दहादा म्हणायचा. त्या माणसाचं जाळं वाळून कडक व्हायचं, भाकरी गार व्हायची. हळूहळू लोक त्याचं दार टाळून विहिरीमागच्या वाटेने जायला लागले. तिकडे काटे होते. तरीही.

ती दोन वर्षं सरली आणि पुढच्या वैशाखात केशर आली. दारातच म्हणाली, "चार दिवस, बाबा. पाचव्या दिवशी सकाळी निघणार."

"बरं, बरं," धाकू म्हणाला. त्याने चार दिवस तिला कोलंबी खाऊ घातली, लहानपणी ती नांगरावर बसून नाव वल्हवल्याचं नाटक करायची ते दहा वेळा सांगितलं, आणि पाचव्या दिवशी सकाळी भिंतीकडे तोंड करून झोपला.

"पाठ धरलीय गं, केशर."

केशर रडली नाही, भांडलीही नाही. बोचकं हातात घेऊन उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "बाबा, मागल्या खेपेला घरी गेले, तर ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. नुसतं पडीक शेत दाखवलं. या खेपेला अडकले, तर पुन्हा इकडे येते म्हणायला मला तोंड राहणार नाही. मागच्या दोन वर्षांसारखंच होईल, पण कायमचं."

धाकूने ऐकलं. पण त्याचा हिशेब सोपा होता. आज दोर सोडला तर गेली. धरला तर निदान आज तरी आहे.

तेवढ्यात खाडीकडून ओरडा ऐकू आला.

मसाल्याची पोती भरलेलं एक परकं गलबत वाऱ्याला घाबरून खाडीच्या तोंडाशी आसऱ्याला आलं होतं. त्यांनी नांगर टाकला होता, पण नांगर धरत नव्हता. वारा गलबताला मागे रेटत होता, आणि मागे काळा खडक होता. धाकूने कूस बदलून पडल्या पडल्या खिडकीतून पाहिलं. गलबताच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, दोर सरळ खाली गेला होता, विहिरीत पोहरा सोडावा तसा.

"गाढवं," धाकू म्हणाला.

"बाबा, पाठ," केशर म्हणाली.

पण धाकू तोवर दाराबाहेर पोचला होता. खोकला मागे राहिला, गुडघा मागे राहिला, पाठ तर अंथरुणातच राहिली. तो धावत धक्क्याच्या टोकावर गेला आणि हातांचा कर्णा करून ओरडला, "पाणी किती?"

"चार वाव," गलबतावरून तरुण तांडेलाचा आवाज आला. दोन्ही हात पसरले की भरतं ते एक वाव.

"दोर किती सोडलाय?"

"सहा."

"वीस सोड."

"मागे खडक आहे, आजोबा. सोडला तर आम्ही खडकाकडे जाऊ."

"सहावर तर जाणारच आहेस. खडक अजून तीस वाव लांब आहे, मी त्याच्यावर लहानपणी कालवं फोडलीत. सोड."

"पण गलबत दूर जाईल."

"जाऊ दे दूर," धाकू ओरडला. "आखडून धरलास की नांगर उभा राहतो आणि उपटून येतो. दोर दे, म्हणजे तो आडवा पडेल. आडवा पडला की मातीत रुततो. नांगर जोरावर धरत नाही रे, सैल दोरावर धरतो."

तरुण तांडेलाने देवाचं नाव घेतलं आणि दोर सोडला. गलबत मागे गेलं. दहा वाव. पंधरा. धक्क्यावर जमलेल्या लोकांनी श्वास रोखला. वीस वावांवर दोर ताणला, गलबताने एक हिसका खाल्ला, नाळ वाऱ्याकडे वळवली आणि ते उभं राहिलं. खडक मागे होता, पण गलबत त्याच्याकडे जात नव्हतं. वाऱ्यावर डोलत होतं, तिथल्या तिथे.

"पाठ लवकर बरी झाली म्हणायची," गर्दीतून यसू म्हातारी म्हणाली. सगळे हसले.

धाकू हसला नाही. तो गलबताकडे बघत राहिला. किती लांब दिसत होतं. आणि तरी कुठे गेलं नव्हतं. सत्तर वर्षांत हजार वेळा त्याने हा दोर आपल्या हाताने सोडला होता, त्या हातांना सगळं माहीत होतं. त्याला एकट्यालाच माहीत नव्हतं.

तो घरी आला. मागून आलेली केशर अंगणात उभी राहिली. त्याने तिच्या हातातलं बोचकं घेतलं, उचललं आणि तिच्या डोक्यावर दिलं.

"कधी येशील?" हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले होते. त्याने ते गिळले.

"बाबा, विचारा की," केशर म्हणाली.

"ऊन होईल. नीघ."

ती गेली. वळणावर एकदा थांबली, मग दिसेनाशी झाली. त्या दिवशी धाकूने एकट्यापुरताच भात टाकला. मांजराने सबंध दुपार शिव्या दिल्या. घर एवढं मोठं त्याला कधी वाटलं नव्हतं.

पावसाचे महिने तसेच गेले. निरोप नाही, माणूस नाही. अनेक संध्याकाळी त्याला वाटलं, दोर तुटला. पण त्याने ना आजारपण कळवलं, ना बोलावणं धाडलं. पाण्याखालचा नांगर दिसत नसतोच, असं म्हणून बसून राहिला.

भात कापून झालं आणि एका सकाळी डोंगराच्या वाटेने दोघं उतरताना दिसली. केशर आणि जावई. जावयाच्या खांद्यावर नव्या तांदळाचं पोतं होतं. न बोलावता आली होती. दोन दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी कुणी काही म्हणायच्या आधी धाकू बोचकं उचलून अंगणात उभा होता.

"मामा, राहा म्हणणार नाही का?" जावयाने विचारलं.

"नाही. तुझा तो लाकडी नांगर वाट बघत असेल," धाकू म्हणाला. जावई गालातल्या गालात हसला, कारण सासऱ्याने त्या लाकडाला पहिल्यांदाच नांगर म्हटलं होतं.

मग दोघं वर्षातून तीनदा यायला लागली. विहिरीमागच्या वाटेवर गवत वाढलं, कारण लोक पुन्हा धाकूच्या दारावरून जायला लागले. पान खायचे, उठायचे, आणि उद्या परत यायचे. संध्याकाळी मात्र धाकू एकटाच असायचा, नांगरावर बसलेला, डोंगराकडे तोंड करून. एकटेपण तेवढंच होतं. फक्त आता त्याच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी होतं.

म्हणून सांगणं एवढंच: जे माणूस आपलं राहावं असं वाटतं, त्याला लांब जाण्याइतका दोर आपल्याच हाताने सोडावा.