लाल दालनातला हिरवा शालू

“उद्या आपले रांजण फुटणार, गाव सुटणार, आणि तुमची सून विचारते काय? दरबाराच्या काचा कुठल्या रंगाच्या! अहो, ही बोलत नव्हती तेच बरं होतं!”

सासूबाई हे मामंजींच्या कानात सांगत होत्या. त्यांचं कानात बोलणं दोन घरं पलीकडे ऐकू जातं. मी तर दाराआडच होते.

झालं होतं असं. राजकन्येच्या लग्नासाठी मामंजींनी हिरवा शालू रंगवला. आधी निळीच्या रांजणात, मग हळदीच्या, असं तीन-तीनदा. गाठोड्यात बांधून दरबारात नेला, महाराजांपुढे उलगडला, तर काळाकुट्ट!

“माझ्या लेकीला लग्नात काळं नेसवतोस, केरबा?” महाराज गरजले.

“महाराज, एकदा उन्हात नेऊन बघू द्या...”

“आणि बाहेरच्या बाहेर बदलून आणशील! शालू या दालनातून हलणार नाही. उद्या माझ्या डोळ्यांदेखत हिरवा कर. त्याला हात लावायचा नाही, रंगाचा थेंब आणायचा नाही. नाही जमलं, तर रांजण फोडून गावाबाहेर काढीन!”

मामंजींच्या तोंडून एवढं ऐकून मी तो काचांचा प्रश्न विचारला होता.

“लाल,” मामंजी सुस्कारा टाकून म्हणाले होते. “आठ दिवस झाले बसवून. महाराजांना त्यात स्वतःचा चेहरा फार तेजस्वी वाटतो म्हणे.”

दुसऱ्या दिवशी मी पदर सावरून मामंजींच्या मागे चालू लागले. कोणी अडवलं नाही. रडण्यातून कोणाला सवडच नव्हती.

दालनात सगळंच लाल. धोतरं लाल, खांब लाल, महाराजांच्या पांढऱ्या मिशासुद्धा लाल. चौरंगावर शालू, कोळशासारखा. सिंहासनाशेजारी पिंजऱ्यात एक काळा पक्षी, आणि राजवैद्य त्याला चमच्यानं काढा पाजत होते.

“ही कोण?” महाराजांनी विचारलं.

“माझी सून, महाराज. ती काही बोलत नाही,” मामंजी घाईनं म्हणाले.

“कावळा छान आहे,” मी म्हणाले.

“कावळा? अगं, तो माझा पोपट आहे! आठ दिवसांपासून काळा पडलाय बिचारा. वैद्यबुवांचा इलाज चालू आहे.”

“गुण येतोय का?”

वैद्यबुवा खाकरले. “दुखणं हट्टी आहे.”

“मग शालूबरोबर त्यालाही बरा करते. तेवढी ती उगवतीकडची तावदानं उघडायला सांगा.”

सेवक महाराजांकडे बघू लागले. महाराजांनी बोटांवर मोजत आपल्या अटी आठवल्या. हात नाही, रंग नाही, बाहेर नाही. तावदानांबद्दल ते काहीच बोलले नव्हते.

“उघडा!”

पांढरं स्वच्छ ऊन आत आलं. शालू हिरवागार! पोपटही हिरवागार! वैद्यबुवांनी चमचा खाली ठेवला.

“जादू!” दरबारी ओरडले.

“जादू कसली? उन्हात सगळे रंग मिसळलेले असतात. हिरवं कापड त्यातला हिरवा तेवढा परत देतं, बाकीचे गिळून टाकतं. ही काच फक्त लाल आत सोडते. हिरवा आत आलाच नाही, तर शालू परत देणार काय? म्हणून तर आम्ही रंग अंगणात पारखतो, भट्टीच्या उजेडात नाही.”

“बोलतेस छान!” महाराज अजून हटायला तयार नव्हते. “पण केरबानंच रंगात काही लबाडी केली नसेल कशावरून?”

“शालूचा संशय खुशाल घ्या, महाराज. पण पोपट काही मामंजींनी रंगवलेला नाही!”

मग महाराज असे हसले, की मुकुट घसरून कानावर आला! लग्नाचं सगळं रंगकाम त्यांनी तिथल्या तिथे मामंजींना दिलं. हातातलं सोन्याचं कडं काढून माझ्यापुढे धरलं.

“आणखी काय हवं? माग, पोरी!”

वैद्यबुवांनी हळूच चमचा पुन्हा उचलला होता. म्हणून मी सगळ्या दरबाराला ऐकू जाईल असं म्हणाले, “आधी त्या पोपटाचा काढा बंद करा!”