चिंचेखालचे जुनेर

नदीच्या अलीकडे एक जंगल होते आणि त्या जंगलात, चिंचेच्या ढोलीत, एक खार राहत असे. खार म्हणजे नुसती धावपळ. सगळे जंगल दुपारी सावलीत पाय ताणून पडलेले असले, तरी हिचे खोडावरून वर-खाली, वर-खाली चालूच. त्या वर्षी चैत्रात मात्र तिची धावपळ एकाएकी कमी झाली, कारण तिला पिल्ले होणार होती. पहिलेच बाळंतपण! सगळ्या जंगलाला आनंद झाला. खारीलाही झाला, पण आनंदाच्या दुप्पट काळजी वाटू लागली.

अशा वेळी विचारायचे कुणाला? आईला. आणि खारीची आई तर मागच्याच थंडीत गेली होती. ती होती तेव्हा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, "बाळे, पिल्लं झाली की पंधरा-वीस दिवस ढोलीबाहेर पाय टाकता येत नाही. तू खाल्लंस तर त्यांना दूध. तेवढं घरात साठवून ठेव हो." आईचे हे बोलणे खारीने तंतोतंत पाळले होते. ढोलीच्या मागच्या बाजूला चारोळ्या, चिंचोके आणि रानशेंगांचे दाणे तिने असे ठासून भरले होते की, तिला स्वतःलाच अंग चोरून झोपावे लागे.

त्याच जंगलात मोहाच्या झाडावर कोकिळेचे दुकान होते. दुकान कसले? तर बाळसामानाचे! आता तुम्ही मुले हुशार आहात. तुम्ही म्हणाल, कोकिळा तर आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात ठेवून मोकळी होते, तिला बाळांमधले काय कळते? मलाही अगदी हेच वाटते. पण तिचा आवाज इतका गोड की, ती बोलू लागली म्हणजे ही शंका विचारायचे कुणाला सुचतच नसे.

"ये गं, ये!" खारीला पाहताच कोकिळा म्हणाली. "अगंबाई, दिवस भरत आले की! तयारी झाली का?"

"तयारी म्हणजे... दाणे साठवलेत," खार म्हणाली.

"दाणे? अगं, दाण्यांवर का पिल्लं निजवणार आहेस?" कोकिळा हसली आणि एकेक वस्तू काढून दाखवू लागली. हिरव्यागार गवताचा, फांदीला लोंबणारा नवाकोरा पाळणा. आंघोळीसाठी चकचकीत शिंपला. वारा घालायला मोरपिसांचा पंखा. आणि खेळायला बहाव्याच्या शेंगेचा खुळखुळा. हा खुळखुळा खुद्द खारीपेक्षाही लांब होता, पण ते तिच्या लक्षात आले नाही.

"एवढं सगळं लागतं?" खारीने घाबरत विचारले.

"न लागून कसं चालेल? पहिलटकरीण ना तू! ऐन वेळी काही कमी पडलं तर?"

"मी एकदा शेजारी विचारून येते."

"विचार की. कोण नको म्हणतंय?" कोकिळेने आवाज आणखी मऊ केला. "पण एक सांगू? तुझी आई असती ना, तर तिनं हेच घेतलं असतं."

झाले! हे वाक्य खारीच्या नेमके वर्मी लागले. आईची आठवण आली, डोळे भरले, आणि भरल्या डोळ्यांनी तिने सौदा केला. घरातले सगळे दाणे कोकिळेला द्यायचे आणि या चारही वस्तू घ्यायच्या. कोकिळेच्या दुकानात कामाला असलेली माकडे आली, पाळणा टांगून गेली आणि जाताना ढोली झाडून पुसून रिकामी करून गेली. मागे उरले मूठभर दाणे. आता कोकिळा तर फळे खाणारी. तिने त्या चारोळ्यांचे काय केले, हे मला आजतागायत कळलेले नाही.

चिंचेच्या बुंध्याशी, मुळांच्या बेचक्यात, एक म्हातारी उंदरीण राहत असे. पाच बाळंतपणे झालेली, अंगाखांद्यावर सदा एखादे पिल्लू लोंबकळणारी. माकडांना दाणे नेताना पाहून ती लगबगीने वर आली. तिच्या पाठीवर एक कापडाची घडी होती.

"खारूताई, दाणे कुठं चालले गं तुझे?"

"बाळांसाठी सामान घेतलं, मावशी. बघा ना!"

उंदरीण पाळण्याभोवती एक फेरी मारून आली. "आहे छान. पण नवं आहे गं. नवं अंगाला टोचतं." मग तिने पाठीवरची घडी पुढे ठेवली. "हे राहू दे तुझ्याकडे. धुऊन उन्हात घातलंय."

ते एक जुनेर होते. जुनेर म्हणजे वापरून वापरून विरलेले जुने लुगडे. पूर्वी कधीतरी सरपण वेचायला आलेल्या एका बाईचा पदर करवंदीच्या काट्यांत अडकून फाटला होता, त्याचाच हा तुकडा. मूळचा रंग कोणता हे सांगता येत नव्हते. जागोजागी पिसे आणि केस ओवून भोके बुजवलेली होती आणि एक कड तर पार कुरतडलेली होती. खारीने नाक मुरडले.

"मावशी, राग मानू नका. पण माझ्या पिल्लांना आजी नाही, म्हणून काय त्यांना कुणाच्या उतरलेल्या चिंध्यांवर वाढवायचं?" एवढे बोलून ती रडायलाच लागली.

उंदरीण काहीतरी सांगणार होती, पण तिने तोंड मिटले. दिवस भरलेल्या बाईशी वाद घालू नये, एवढे तिला पाच बाळंतपणांनी शिकवले होते. तिने घडी उचलली आणि ती मुकाट्याने खाली निघून गेली.

आठव्या दिवशी खारीला तीन पिल्ले झाली. गुलाबी, डोळे मिटलेली, बोराएवढी! खारीने मोठ्या हौसेने त्यांना पाळण्यात ठेवले आणि तिघांनी एकदम टाहो फोडला. पाळण्याचे हिरवे गवत एव्हाना वैशाखाच्या उन्हाने वाळून कडक झाले होते. त्याची कुसळे पिल्लांच्या उघड्या अंगाला टोचत होती. त्यात दुपारी वावटळ आली. पाळणा असा गरगरला की, एक पिल्लू बाहेरच फेकले जायचे, ते खारीने कसेबसे तोंडात धरले. मोरपिसांचा पंखा उडाला तो नदीपलीकडे गेला. शिंपला उन्हाने इतका तापला की, त्यात हात घालवेना. खुळखुळा मात्र न वाजवता वाऱ्याने आपला आपणच वाजत राहिला आणि त्या आवाजाने पिल्ले आणखी घाबरली.

खारीने पिल्लांना ढोलीत आणले. पण ढोलीत नुसते कठीण लाकूड. पहाटे गारवा सुटला की ती काकडू लागत आणि खार त्यांच्यावर शेपटी पांघरून बसे. शेपटी एक आणि पिल्ले तीन. मूठभर दाणे दुसऱ्याच दिवशी संपले. दाणे शोधायला जावे तर पिल्ले गारठतात, आणि न जावे तर आपल्याला दूध येत नाही. पहिल्या दिवशी मोठ्याने रडणारी पिल्ले तिसऱ्या दिवशी बारीक आवाजात रडू लागली, तेव्हा खारीला राहवेना. ती उठली आणि धावत कोकिळेकडे गेली.

"ताई, तुमचा पाळणा परत घ्या. सगळं सामान घ्या. माझे दाणे निम्मे दिलेत तरी चालतील."

"अगं, वापरलेला पाळणा मी परत कशी घेऊ?" कोकिळा म्हणाली. "वापरलेलं कुणी घेतं का?"

"पण माझी पिल्लं उपाशी आहेत हो!"

"मग आधी नाही का सांगायचंस? रडणाऱ्या पिल्लांसाठी माझ्याकडे कालच एक सुरेख चोखणी आली आहे..."

पुढचे ऐकायला खार थांबली नाही. तिला आईचे शब्द आठवत होते. तू खाल्लंस तर त्यांना दूध! आपल्याच हाताने आपण पिल्लांच्या तोंडचे काढून दिले, असे तिच्या मनात येत होते. ती चिंचेजवळ पोहोचली आणि जागीच थबकली. ढोलीतून रडण्याचा आवाज येत नव्हता.

तिने कसाबसा धीर करून आत डोकावले. आत म्हातारी उंदरीण बसली होती. तिच्यापुढे त्या जुनेराची गुंडाळून केलेली गादी होती आणि तीत तिन्ही पिल्ले एकमेकांच्या अंगावर पाय टाकून गाढ झोपली होती. त्यांची पोटे हळूहळू वर-खाली होत होती.

"रडू ऐकलं," उंदरीण दबक्या आवाजात म्हणाली. "तू घरात नाहीस असं दिसलं, म्हणून न विचारताच वर आले. रागावू नकोस हो. आणि ते बघ, दाणे आणलेत. आधी पोटोबा. खा, म्हणजे दूध येईल."

खार दाण्यांवर तुटून पडली. ती खात होती आणि रडत होती. माझी आजी म्हणत असे, रडता रडता खाल्लेले अन्न लवकर अंगी लागते. खरे-खोटे आजीलाच माहीत, पण त्या दिवशी खारीच्या बाबतीत तसेच घडले. थोड्या वेळाने पिल्ले जागी झाली, आईला बिलगली आणि चुटुचुटु दूध पिऊ लागली. तो आवाज ऐकून खारीला जे सुख झाले, ते जगातल्या कोणत्याही दुकानात मिळणारे नव्हते.

पिल्लांशेजारी आडवी होताना तिचे नाक त्या जुनेराला लागले आणि ती दचकली. तो वास तिच्या ओळखीचा होता.

"मावशी, हे कुणाचं आहे?"

"कुणाकुणाचं सांगू? सशिणीकडं होतं, माझ्याकडं आलं. ज्या घरी बाळ, त्या घरी हे जातं. ती कुरतडलेली कड बघ. कुणाचे दात आहेत ते?"

"उंदराचे. दुसरे कुणाचे असणार?"

"उंदराचे दात मला ओळखू येत नाहीत होय!" उंदरीण हसली. "तुझे आहेत ते. तुला दात फुटत होते ना, तेव्हा ही कड तोंडात धरल्याशिवाय तू झोपायची नाहीस. तुझी आई माझ्याकडनं मागून घेऊन गेली होती. तू मोठी झालीस तशी धुऊन, उन्हात वाळवून परत आणून दिलं तिनं. आणि मागच्या थंडीत जायच्या आधी मला म्हणाली, 'माझ्या लेकीची वेळ येईल तेव्हा मी नसेन. तेवढं जुनेर तिला नेऊन दे.'"

खारीने त्या कुरतडलेल्या कडेवर गाल टेकला. 

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत?" तिने विचारले.

"सांगणारच होते. पण आईचा विषय निघाला आणि तू रडायला लागलीस. भरल्या दिवसांत तुला आणखी कोण रडवणार? म्हटलं, सवडीनं सांगू."

"मावशी, मी तुम्हाला फार लागेल असं बोलले. आणि तुम्ही मात्र माझी पिल्लं वाचवलीत."

"पुरे झालं. खा बघू अजून चार दाणे."

पुढचे वीस दिवस खारीने ढोलीबाहेर पाऊल टाकले नाही आणि तिला एक दिवसही उपास घडला नाही. सशिणीने कोवळे कोंब पाठवले. पोपट अर्धी खाल्लेली फळे खाली टाकायचा. तशी तो आधीही टाकायचाच, पण आता नेम धरून ढोलीच्या तोंडाशी टाकू लागला. वानरिणीने दुपारच्या उकाड्यात ते जुनेर ढोलीच्या तोंडाशीच्या बेचक्यात बांधून झोळी करायला शिकवले, आणि त्या झोळीत पिल्ले अशी झोपत की खारीला कोकिळेच्या पाळण्याची आठवणही होईना. आंघोळीला पळसाच्या पानाचा द्रोण पुरला. खुळखुळाही घरचाच झाला. चिंचेची एक वाळकी शेंग घेतली की आत चिंचोके वाजायला तयारच असतात.

पिल्ले मोठी झाली, आईसारखीच खोडावरून वर-खाली धावू लागली. तेव्हा एके सकाळी खारीने ते जुनेर नदीवर नेऊन धुतले आणि दिवसभर उन्हात वाळवले. एका जागी ते नव्याने विरले होते, तिथे तिने आपल्या शेपटीचे मऊ केस ओवून भोक बुजवले. मग घडी तोंडात धरून ती बुंध्याशी गेली. उंदरिणीच्या थोरल्या लेकीला दिवस गेले होते.

"मावशी, तुमचं उसनं आणलंय."

"उसनं कसलं गं? तुझंच आहे. माझ्याकडं राहतं, एवढंच," उंदरीण म्हणाली.

"मग एवढं करा. तुमच्या लेकीला सांगा, त्या कुरतडलेल्या कडेला ठिगळ लावू नका म्हणावं."

उंदरिणीने मान डोलावली. ठिगळ लावायचे तिच्याही मनात नव्हते.

कोकिळेचा तो पाळणा दोन पावसाळे झाडावरच लोंबत राहिला. पावसाने भिजून आणि उन्हाने सुकून त्याचे गवत इतके मऊ झाले की, एका पारवीने ते ओढून ओढून आपल्या घरट्यात अंथरले. आता ते कुणाला टोचत नाही.

तात्पर्य : बाळाच्या तोंडचे काढून बाळाचा पाळणा सजवू नये. आईचे पोट भरलेले असावे आणि अंगाखाली मायेचे जुनेर असावे, एवढ्यावर बाळ वाढते. आणि ज्यांच्या उबेत आपण वाढलो, त्यांची आठवण ठेवून ती ऊब पुढच्या बाळाला द्यावी.