साळूचा अंदाज

डोंगराच्या पायथ्याला एक रान होते. तिथे राहणाऱ्या म्हाताऱ्या साळूला एक सवय होती. बहावा कधी फुलला, वैशाखात वारा कुठून वाहिला आणि पावसाळा संपताना तळे कुठवर भरले, हे ती दरवर्षी बिळाशेजारच्या मऊ खडकावर नखांनी कोरून ठेवी. अशा वीस वर्षांच्या खुणा जमल्या होत्या.

एका वर्षी बहावा उशिरा फुलला आणि वारा पूर्वेकडूनच वाहत राहिला. साळूने जुन्या खुणा पाहिल्या आणि ती तळ्यावर गेली. "अशी सहा वर्षे होऊन गेली," ती प्राण्यांना म्हणाली, "त्यांतली चार वर्षे तळे अर्धेच भरले. आत्ताच गाळ काढून ठेवू या."

"साळूबाई, पाऊस पडणार की नाही, एवढेच सांगा," कोल्हा म्हणाला.

"ते सांगता येणार नाही. कमी पडण्याचा संभव जास्त आहे."

"म्हणजे तुम्हालाच नक्की माहीत नाही," असे म्हणून कोल्हा हसत निघून गेला. रानडुकरे मात्र कामाला लागली. त्यांनी तळ्याच्या मध्यभागी खोल डोह खणला.

आणि त्या वर्षी पाऊस असा कोसळला, की तळे काठ सोडून वाहू लागले. सगळे रानडुकरांना चिडवू लागले. साळूला फार वाईट वाटले, तरी तिने तेही वर्ष जसेच्या तसे कोरले. "आता सातांत चार," ती रानडुकरिणीला म्हणाली, "माझ्यामुळे तुम्हाला उगाच राबावे लागले."

"खणलेला डोह कुठे पळून जात नाही, आजी. तुम्ही सांगत राहा," रानडुकरीण म्हणाली.

दोन वर्षांनी पुन्हा तीच लक्षणे दिसली. साळू पुन्हा तळ्यावर गेली आणि पुन्हा तेच बोलली. रानडुकरांखेरीज कोणी जागचे हलले नाही. त्यांनी डोह आणखी खोल केला. त्या वर्षी चार सरी आल्या आणि पाऊस गेला तो गेलाच. माघातच तळ्याचा काठ भेगाळला. पण डोहातले पाणी उन्हाळाभर टिकले आणि सगळे रान त्यावर जगले.

पाणी पिऊन झाल्यावर एकदा कोल्हा मान खाली घालून म्हणाला, "साळूबाई, तुमचे खरे झाले."

"मागच्या खेपेला खोटे झाले होते, तेही विसरू नका," साळू म्हणाली. "पुढच्या वर्षी गाळ काढायला याल ना?"

"येईन," कोल्हा म्हणाला, आणि खरोखरच आला.

तात्पर्य : उद्याचे नक्की कोणालाच कळत नाही, पण जो मागचे सारे प्रामाणिकपणे नोंदवतो आणि त्यावरून वेळीच तयारी करतो, त्याचा अंदाज एखादे वेळी चुकला, तरी त्याचे कष्ट वाया जात नाहीत.