शेवटच्या वाफ्याचे पाणी

गुरू शिष्याला काम उलट्या टोकापासून करायला लावतो, ही कल्पना असलेली दृष्टांतकथा निरनिराळ्या रूपांत सांगितली जाते. एका रूपात शिष्य मृदंग शिकणारा आहे आणि गुरू त्याला देवळाच्या पायऱ्या खालून वर झाडायला लावतो. दुसऱ्यात तो वैद्याचा शिष्य आहे. त्याच्या पोथीची पहिली पाने गुरू काढून घेतो व उंच फळीवर ठेवून देतो. तिसरे रूप पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्या मुलखातले. त्यात शिष्य कथेकरी होऊ पाहणारा आहे.

दोष मात्र तिन्ही रूपांत एकच. शिष्य आळशी नाही, मंदबुद्धीही नाही. तो जेथे अडतो तेथून मागे फिरतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो. हा दोष श्रमाच्या वेषात वावरतो, म्हणून तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. लेखाचा पहिलाच परिच्छेद घोटीत बसणारा, नव्या भाषेचा पहिला धडा दर वर्षी नव्याने गिरवणारा, हे याच शिष्याचे भाऊबंद होत. पायऱ्यांच्या रूपात झाडण्याचा आणि मृदंगाचा संबंध सांगणाऱ्याला ओढूनताणून जोडावा लागतो, आणि पोथीच्या रूपात गुरूची कृती नुसती शिक्षा वाटते. पाटाच्या रूपात शिष्याचा दोष त्याच्या स्वतःच्या हातांनी शेतात उमटलेला दिसतो. म्हणून येथे ते रूप दिले आहे. पात्रांना मूळ कथनात नावे नाहीत. येथेही ती घातलेली नाहीत.

एके काळी एक वृद्ध कथेकरी नदीकाठच्या एका गावी राहत असे. त्या गावच्या यात्रेला दिवस कलताना देवळासमोर उभे राहून कथेकऱ्याने देवीच्या लग्नाचे आख्यान सांगावे, असा रिवाज होता. आधी नमन, मग देवीचे बालपण, तिला आलेली मागणी, वऱ्हाडाचा प्रवास, वाटेतला नदीचा पूर, वेशीवरचे स्वागत आणि अखेरीस मंगलाष्टक. मंगलाष्टक संपल्याखेरीज भोई पालखीला खांदा देत नसत, कारण लग्न लागल्याविना नवरी सासरी निघायची कशी? आख्यान अर्धवट राहिले तर पालखी जागीच राही आणि कथनाचा मान शेजारच्या गावाकडे जाई.

वृद्धाचा श्वास पुरेनासा झाला होता, म्हणून आदल्या यात्रेत त्याने आपल्या एकुलत्या एका शिष्याला उभे केले. शिष्य दोन लेकरांचा बाप, आवाजाने गोड. नमन त्याने असे म्हटले की बायकांनी कडेवरची पोरे गप्प केली. पण नदीच्या पुरापाशी तो अडला. अडला तसा मागे फिरला आणि पुन्हा नमनाला लागला. पुन्हा पुरापाशी येऊन अडला, पुन्हा नमन! गर्दीतून कुणी ओरडले, "अरे बाबा, देवीला नमस्कार पोचला! आता लग्नाचं बोल!" हशा पिकला. तेव्हा वृद्ध काठी टेकीत उठला आणि फाटक्या आवाजात त्याने लग्न कसेबसे लावले.

पंचांनी त्या वेळी चालवून घेतले. पण जाताना त्यांतला एक म्हणाला, "आबा, तुमच्याकडे बघून बोललो नाही. पुढच्या यात्रेला तुमचा आवाज पुरायचा नाही. हा गडी पुन्हा अडला, तर मान गेला म्हणून समजा."

शिष्याच्या मनाला हे लागले. तो पहाटे उठून नदीवर जाऊ लागला. नमनापासून सुरू करी, अडला की पहिल्यापासून म्हणे. घसा बसेपर्यंत म्हणे. त्याची बायको धुणे घेऊन त्याच घाटावर येई. एके दिवशी ती म्हणाली, "अहो, रागावू नका, पण तुमचा नवरदेव वर्षभर नदीच्या अल्याडच उभा आहे. पोहता येत नाही का त्याला?"

"थट्टा सुचते तुला! दिवसरात्र खपतोय मी."

"खपताय हो, दिसतंय ना मला. नमन तर आता आपल्या म्हशीलासुद्धा पाठ झालंय."

शिष्य हिरमुसून गुरूकडे गेला. "आबा, माझ्याच्यानं होणार नाही. मेहनतीत कसूर ठेवत नाही मी, तरी पूर आला की डोळ्यांपुढं अंधार येतो. मान शेजारच्या गावाला आजच देऊन टाकू. भर यात्रेत तुमची मान खाली घालायला लावण्यापेक्षा ते बरं."

 वृद्ध एवढेच म्हणाला, "आज आपली पाण्याची पाळी आहे. चल, मीही येतो."

गुरूचे कांद्याचे शेत शिष्यच पाहत असे, आणि वृद्ध कित्येक दिवसांत तिकडे फिरकला नव्हता. बांधावर उभा राहून तो पाहू लागला. पाटाच्या तोंडाशी असलेल्या वाफ्यांत चिखल साचून कांदा पिवळा पडला होता. शेताच्या शेवटी जमीन भेगाळली होती आणि पात करपली होती. त्याने कारण विचारले नाही. शिष्याची रीत त्याला पाहता पाहता समजली. शिष्य पाणी पहिल्या वाफ्यात सोडी, मग दुसऱ्यात, असा पुढे सरके. मध्येच एखादा बांध फुटला की तो पाटाच्या तोंडाशी धावे, पाणी पुन्हा पहिल्या वाफ्यात वळवून ठेवी आणि मग परत येऊन बांध लिंपी. पाळीचे पाणी थांबत नाही, त्यामुळे प्रत्येक फुटीचे पाणी पहिल्याच वाफ्याला मिळे. शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचण्याआधी पाळी संपे.

पाणी आले. शिष्य नेहमीप्रमाणे पहिल्या वाफ्याचे तोंड उघडू लागला, तोच वृद्धाने त्याच्या हातातले फावडे घेतले, त्या तोंडावर मातीची ढेकळे ओढली आणि दुसऱ्या, तिसऱ्या, पुढच्या साऱ्या वाफ्यांची तोंडे बंद करीत तो पाण्याबरोबर शेताच्या टोकाकडे चालू लागला.

"आबा, हे काय करताय? कोरड्या पाटातून इतक्या लांब न्यायचं, तर निम्मं वाटेतच जिरेल!"

वृद्ध चालत राहिला. बांधावरून जाणारा पाटकरी, म्हणजे गावाला पाणी वाटून देणारा माणूस, थबकून म्हणाला, "आबा, आज बैल गाडीच्या मागं जुंपलाय का काय?"

"तू तुझ्या पाटाच्या दाराकडं बघ रे," वृद्ध म्हणाला, आणि त्याने शेवटच्या वाफ्याचे तोंड उघडले.

भेगाळलेल्या मातीत पाणी शिरले तसा तिचा आवाज होऊ लागला. वाफा भरल्यावर वृद्धाने त्याच्या अलीकडचा उघडला, मग त्याच्या अलीकडचा. शेताच्या मध्यावर बांध फुटला. शिष्य सवयीने पाटाच्या तोंडाकडे धावला. वृद्धाने त्याचा दंड धरला.

"कुठं निघालास?"

"पाणी वळवायला."

"फुटलंय कुठं?"

"इथं."

"आणि चिखल कुठं आहे?"

शिष्याने खाली पाहिले. "इथंच."

"मग घाल हात."

वाहत्या पाण्यात पाय आडवा लावून शिष्याने ओंजळीने चिखल दाबला. पहिल्यांदा तो वाहून गेला. दुसऱ्यांदा टिकला. पाणी पुन्हा आपल्या वाटेने चालू लागले.

पाटकऱ्याने पाणी तोडले तेव्हा पाटाच्या तोंडाशी असलेला पहिला वाफा तेवढा उघडायचा राहिला होता. शिष्य कळवळून म्हणाला, "आबा, हा तसाच राहिला!"

"हात लावून बघ."

शिष्याने माती उकरली. पाटाच्या कडेने पाणी झिरपून ती ओली झाली होती.

तेव्हा वृद्ध बांधावर बसला आणि म्हणाला, "सगळ्या शेताचं पाणी याच्या अंगावरून जातं. याला वेगळं पाजावं लागत नाही. तुझ्या आख्यानात नमन हा पहिला वाफा आहे. तू दर वेळी अडलास की सगळं पाणी त्यातच ओतलंस. तो कुजला आणि मंगलाष्टक भेगाळलं. वर तुला वाटलं की आपली मेहनत कमी पडली! मेहनत कमी नव्हती, ती एकाच जागी साचली होती. आता शेवटापासून शीक. आधी मंगलाष्टक पक्कं कर, मग त्याच्या अलीकडची वेस, मग अलीकडचा पूर. म्हणजे रोज म्हणताना तू नव्यातून निघशील आणि ओळखीच्या जागी पोचशील. यात्रेत दम संपत येईल तेव्हा पायांखाली जास्त भक्कम जमीन असेल. आणि जिथं फुटेल तिथंच लिंप. पाटाच्या तोंडाशी पळून जाणं सोपं असतं रे. तिथलं सगळं आपल्याला येत असतं."

शिष्याने हातांचा चिखल पुसला. मग म्हणाला, "आणि नमन?"

"माझ्यासमोर नमन म्हणायचं नाही. यात्रेपर्यंत नाही."

दुसऱ्या दिवसापासून घाटावर मंगलाष्टक ऐकू येऊ लागले. बायकोने धुणे पिळता पिळता हात थांबवला. "हे काय? लग्न लागलंसुद्धा? उद्या वऱ्हाड येणार, मग मागणी. देवी जन्मायची कधी?"

"जन्मेल यात्रेच्या आधी," शिष्य म्हणाला आणि पुढे म्हणत राहिला. नमनाचा मोह त्याला रोज होई. अडले की जिभेवर पहिला शब्द तोच येई. तो शब्द गिळून तो अडलेली ओळ पुन्हा धरी. ती सुटली तर आणखी एकदा. मंगलाष्टकाला वेस जोडली गेली. वेशीला पूर जोडायला सर्वांत जास्त दिवस लागले, पण पुरापलीकडचे सारे आता त्याचे होते, आणि तेवढ्या धीरावर तो पुरात उतरत राहिला.

यात्रा आली. शेजारच्या गावचा कथेकरी आपले तुणतुणे मांडीवर घेऊन पुढच्याच रांगेत बसला होता. शिष्याने नमन सुरू केले. ते पूर्वीइतके रेखीव झाले नाही. एकदा सूरही ढळला. पंचांनी एकमेकांकडे पाहिले. वृद्ध डोळे मिटून बसला होता. बालपण झाले, मागणी झाली, वऱ्हाड निघाले.

पुरापाशी शिष्य अडला.

 शेजारच्या गावचा कथेकरी किंचित पुढे सरकला. शिष्याचे ओठ हलले, आणि जवळ बसलेल्यांना वाटले की आता नमन येणार. त्याने ओठ मिटले. सुटलेली ओळ पुन्हा धरली. ती अर्ध्यात तुटली. त्याने एक श्वास घेतला, तीच ओळ तिसऱ्यांदा धरली आणि नवरदेवाचा घोडा पाण्यात घातला.

वेशीपर्यंत त्याचा आवाज स्थिर झाला. वेशीनंतर तो चढत गेला. मंगलाष्टकाच्या शेवटच्या ओळीला लोक आपण होऊन उभे राहिले.

भोयांनी दांडीखाली खांदे दिले आणि पालखी उठली.